सावलीतल्या एकतीस विहिरी

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून असा एकही रस्ता नसेल, जो माझ्या मामांनी चुकीचा ठरवलेला नाही. रस्ता सरकारने केलेला असो, झेडपीने केलेला असो किंवा बैलगाड्यांच्या चाकांनी आपसूक झालेला असो, मामा त्याच्या तोंडाशी उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "हितनं न्हाई न्यायचा. त्या लिंबाकडनं न्यायला पायजे हुता." हे ते रागाने म्हणत नसत. चांगल्या घरच्या मुलाला वाईट संगत लागलेली पाहून जशी हळहळ वाटते, तशी ती हळहळ असे. यवतजवळचा हायवे रुंद झाला तेव्हा आम्ही सगळे खुश होतो. मामा कडेला उभे राहून म्हणाले, "रुंद केलाय खरा. पण चूकच रुंद केलीय."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, न्हावऱ्याचे. लहानपणी ते मेंढरांमागे दर वर्षी कोकणापर्यंत चालत जात आणि चालतच परत येत. पुढे आजोबांनी मेंढरं विकून शेती धरली, मामा कुरकुंभच्या एका औषधाच्या कारखान्यात लागले, तिथेच खोली करून राहिले आणि सुटीपुरते गावी येऊ लागले. मेंढरं गेली, पण पाय तेच राहिले. ज्या वाटेने आपण एकदा तरी चाललो नाही, त्या वाटेने गाडीत बसायचं नाही, असा त्यांचा नेम होता. नोकरीचं पत्र आलं तेव्हा घरातली सगळी मंडळी त्यांना दौंडच्या एसटीत बसवायला फाट्यावर गेली. मामांनी पिशवी एसटीत ठेवली, कंडक्टरला म्हणाले, "ही हुंद्या म्होरं, म्या आलोच," आणि चालायला लागले. मामा दुसऱ्या दिवशी दौंडला पोचले तेव्हा पिशवी स्टँडवर त्यांची वाट बघून बघून त्याच एसटीने न्हावऱ्याला परत आलेली होती. त्यामुळे नोकरीचे पहिले आठ दिवस त्यांनी एका सदऱ्यावर काढले. आई अजून ही गोष्ट सांगते आणि हसता हसता डोळे पुसते. मामांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. "वाट पायाखालनं गेली की मग ती आपली," ते म्हणतात. "न्हाईतर आपण नुसतं सामान."

रस्ता विचारावा तर मामांनाच, आणि सापडू नये असं वाटत असेल तर आवर्जून मामांनाच. डावीकडे, उजवीकडे, दोन किलोमीटर असे शब्द त्यांच्या तोंडात कधी आले नाहीत. ते माणसांवरून सांगायचे, जनावरांवरून सांगायचे, कुणाचं कुठं भांडण झालं त्यावरून सांगायचे. एकदा एका पाहुण्यांना त्यांनी सांगितलं, "सरळ जावा. पिंपळाखाली एक म्हातारा विडी वढत बसलेला असंल, तिथनं वळा." पाहुणे दोन तास उन्हात हिंडून परत आले. चौकशी केली तेव्हा कळलं की तो म्हातारा चार वर्षांपूर्वीच वारला होता. मामांना जरासुद्धा ओशाळल्यासारखं झालं नाही. "म्हातारा न्हाई, पर जागा तर तीच हाय ना?" त्यांनी पाहुण्यांनाच विचारलं.

अशा माणसाची भाची पुण्याला जाऊन भौगोलिक माहितीशास्त्रात एम.एस्सी. करायला लागली, याला काय म्हणावं मला कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे सांगण्याचं कामही माझ्यावरच आलं, आणि ते मला कधी नीट जमलं नाही. वडील लोकांना "कॉम्प्युटरचं हाय" म्हणून सांगत. मामांना मात्र तेवढ्यावर भागवता येईना. मी त्यांना म्हटलं, "मामा, जमिनीवरच्या गोष्टी कुठं कुठं आहेत, ते कॉम्प्युटरात भरायचं."

मामांनी थोडा विचार केला. "म्हंजी त्या कुठं हायती ते तुमच्या सरांना ठावं न्हाई?"

मग मी त्यांना जीपीएस समजावून सांगितलं. हातात धरायचं एवढंसं यंत्र, आभाळात फिरणारे उपग्रह, त्यातले किमान चार दिसले की यंत्र आपली जागा सांगतं, असं सगळं. मामा खुश झाले. "चौघांची साक्ष लागती म्हण की. मग बरं हाय. आपल्याकडं पंचनाम्याला दोघांवर भागवत्यात, आन् ते बी घरात बसून सह्या करत्यात."

वडिलांनी मला दोन वर्षं दिली होती. तसं ते बोलून दाखवत नसत, पण घरात ठरलेलं होतं. दोन वर्षांत पास झाले तर नोकरी, नाही झाले तर आलेल्या स्थळांपैकी एकाला होकार. तिसऱ्या वर्षाचं नाव कुणी काढलं नव्हतं, आणि काढायची माझीही हिंमत नव्हती. शेवटच्या सहामाहीत प्रबंध होता. मी न्हावऱ्याच्या आसपासच्या चाळीस विहिरी घेतल्या. प्रत्येक विहिरीची जागा जीपीएसवर नोंदवायची, पाण्याची पातळी मोजायची आणि त्यावरून भूजलाचा नकाशा तयार करायचा. विभागात यंत्रं दोनच आणि मुलं बावीस, त्यामुळे प्रत्येकाला वीस दिवसांची पाळी. माझी पाळी आली, मी नऊ विहिरी केल्या, आणि दहाव्या दिवशी मला कावीळ झाली.

मी यवतला घरी डोळे पिवळे करून पडले होते आणि यंत्र उशाशी पडलं होतं. मामा भेटायला आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "कंचं बटन दाबायचं?" त्यांनी विचारलं. मी आढेवेढे घेतले, कारण नोंदी विद्यार्थ्याने स्वतः घ्यायच्या असा नियम होता. पण खरं सांगायचं तर फार आढेवेढे घेतले नाहीत. बटन दाबून धरायचं, बीप वाजलं की सोडायचं, आलेला नंबर वहीत लिहायचा आणि गाठ मारलेली दोरी सोडून पाणी मोजायचं, एवढं त्यांना शिकवलं. चौथी शिकलेल्या माणसाने ते आमच्या वर्गातल्या काही जणांपेक्षा लवकर उचललं. कारखान्यात साठवलेल्या सुट्ट्या त्यांनी एकदम टाकल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मामा विहिरी करायला निघाले.

ते कसे निघाले ते मला नंतर कळलं. कारखान्यातलं पिवळं हेल्मेट डोक्यावर, यंत्र गळ्यात, काखेत वही. "सेफ्टी पयली," हा कारखान्याने त्यांना शिकवलेला मंत्र त्यांनी रानातही सोडला नव्हता. त्याचा परिणाम असा झाला की पिवळं हेल्मेट दिसलं की लोकांना वाटे वीज मंडळाचा माणूस आला. मामा एका वस्तीवर पोचले की पुढच्या वस्तीवर तारेवरचे आकडे भराभर खाली यायचे. त्या आठवड्यात न्हावऱ्याच्या शिवारात जेवढा प्रामाणिकपणा होता, तेवढा पुन्हा दिसला नाही, असं लोक सांगतात. वहीत मामांनी नंबरांपुढे शेरेही लिहिले होते. "नं. १४. पानी गोड, मालक कडू." "नं. १९. यंत्र दमलं हुतं, जरा बसू दिलं." हा एकोणीस नंबरचा शेरा वाचून मी हसले होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण ही यंत्रं दमत नाहीत. ती दाट झाडाखाली नेली की त्यांना उपग्रह लवकर सापडत नाहीत.

बरी होऊन विभागात गेले, सगळ्या नोंदी गावाच्या गट-नकाशावर टाकल्या आणि सरांना बोलावलं. माझ्या नऊ विहिरी नकाशातल्या विहिरींवर नेमक्या बसल्या. उरलेल्या एकतीस मात्र कुठे बांधावर, कुठे वाटेवर, कुठे कुणाच्या उसात. सरांनी पडद्यावरचा एकेक ठिपका बोटाने मोजला.

"यंत्राची चूक असती, तर सगळ्या एकाच बाजूला सरकल्या असत्या," ते म्हणाले. "तुझ्या एकतीस विहिरी एकतीस दिशांना गेल्यात. तुमच्याकडे विहिरी संध्याकाळी फिरायला जातात काय गं?"

मला हसता आलं नाही आणि मामांचं नावही सांगता आलं नाही. सर चांगले होते. ते म्हणाले, प्रबंध द्यायला आठ दिवस आहेत, चार दिवस यंत्र घेऊन जा, पाचव्या दिवशी सकाळी अकराला ते दुसऱ्याला द्यायचंय. नाही जमलं तर पुढच्या वर्षी दे. पुढच्या वर्षी हे शब्द त्यांनी सहज उच्चारले. मी एसटीत बसून यवतपर्यंत तेच मनात घोळवत आले.

मामांना न कळवता जायचं असं मी ठरवलं. त्यांनी आजारी भाचीसाठी सुट्ट्या घालवल्या होत्या. त्यांना त्यांचं काम चुकलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं? न्हावऱ्याला उतरले, यंत्रात सगळ्यांत जवळची, बारा नंबरची नोंद काढली आणि यंत्र नेईल तिकडे चालत गेले. यंत्राने मला विहिरीपासून चाळीस पावलांवर, एका लिंबाखाली नेऊन उभं केलं. खाली बसायला दोन सपाट दगड ठेवलेले होते. तेरा नंबरने चिंचेखाली नेलं. चौदा नंबरने एका जुन्या बाभळीखाली नेलं, तिची सावली कशीबशी एका माणसापुरती होती. त्या बाभळीखाली मी बसले. माझ्या प्रबंधात विहिरी नव्हत्याच. मामांनी मला शिवारातल्या एकतीस सावल्या मोजून दिल्या होत्या.

"माझ्या माघारी माझ्या इहिरी मोजती व्हय गं?"

मामा मागेच उभे होते. फाट्यावर उतरलेल्या माणसाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला अर्धा तास खूप होतो, आणि त्या दिवशी नेमकी त्यांची सुटी होती. मी रडायला लागले आणि रडत रडतच सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"किती चुकलंय?"

"कुठं तीस मीटर, कुठं पन्नास."

"पावलांत सांग."

"चाळीस-साठ पावलं."

"एवढंच? अगं, तंबाखू मळंस्तवर माणूस पोचतोय तितं."

"पण मामा, तुम्ही विहिरीपाशी का नाही उभे राहिलात?"

मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी जेवताना चपला घालून बसले होते. "बिनबोलावता कुणाच्या इहिरीवर जायचं? मालकानं या म्हणल्याबिगर?" मग ते दगडावर बसले आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. मेंढरं घेऊन परक्या शिवारात गेलं की आधी लांब सावलीत थांबायचं. कळप बसवायचा. मालक बघतो. बघून त्याने हाक मारली तर एकाने उठून पाण्याला जायचं. नाही मारली तर पुढचं गाव. "आमच्या बापानं आमाला कोकणापतूर असंच नेलं. आजपतूर कुणी हाकललं न्हाई आपल्याला, ठावं हाय का? का? तर सावली सोडली न्हाई." थोडं थांबून ते म्हणाले, "आन् इहिरीच्या काठाला बिनकामाचं कोण उभं ऱ्हातं? एक देव, न्हाईतर जीव द्यायला आल्यालं माणूस."

"मग पाणी कसं मोजलंत?"

"हाक मारली की जाऊन मोजायचो की. पर यंत्र आधीच दाबल्यालं असायचं. पोचलो तितं दाबलं. पोचलो म्हंजी सावलीत पोचलो."

मामा उठले, हेल्मेट चढवलं आणि म्हणाले, "चल. चार दिस हायती ना?"

चार दिवस होते, पण नेमही होता. प्रत्येक विहिरीजवळच्या झाडाखाली आम्ही आधी जाऊन बसायचो. मी घड्याळ बघायचे, मामा आभाळ बघायचे. मग वस्तीवरून हाक यायची, "काय पाव्हणं, सावलीत का बसलाय? या की!" मग विहीर, मग बीप, मग चहा. चहाला नाही म्हटलेलं मामांना चालत नसे. मालकाने या म्हटलं आणि आपण चहा नको म्हटलं, तर पुढच्या वेळी तो हाक मारील कशाला? पहिल्या दिवशी सात विहिरी आणि सात चहा झाले. दुसऱ्या दिवशी मामांनी कारखान्यात फोनवरून पोट बिघडल्याचं कळवलं, आणि आठव्या चहानंतर ते खोटंही राहिलं नाही. नुकत्याच काविळीतून उठलेल्या मला प्रत्येक घरी चहा कमी आणि उसाचा रस जास्त मिळाला. शेरा लिहिलेला तो कडू मालक सगळ्यांत जास्त वेळ घेणारा निघाला. त्याने मला जमिनीच्या वादाची अख्खी कहाणी सांगितली आणि "तुमच्या यंत्रात माझा बांध बघा की जरा" म्हणून पाऊण तास बसवून ठेवलं.

चौथ्या दिवशी ऊन उतरताना एक विहीर राहिली होती. आम्ही जांभळाखाली जाऊन बसलो. हाक येईना. घराला कुलूप होतं. शेजारच्या रानातल्या बाईने सांगितलं, मालक सगळ्यांना घेऊन शिरूरला लग्नाला गेलेत, उद्या येतील.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी जमिनीकडे पाहिलं.

"मामा, शेवटची आहे. शेवटची एसटी सातला आहे. यंत्र उद्या सकाळी द्यायचंय."

"मालक न्हाईत."

"कुणी बघत नाही मामा."

"म्हणूनच," मामा म्हणाले.

मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. विहीर तिथे दिसत होती, पन्नास पावलांवर. मी एकटी उठून गेले असते तर त्यांनी मला अडवलं नसतं, हेही मला माहीत होतं. का कोण जाणे, माझ्याने उठवलं नाही. आम्ही दोघंही बसून राहिलो. मग मामा उठले. त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं, सावलीच्या कडेपर्यंत गेले आणि कुलूपबंद घराकडे तोंड करून ओरडले, "वो मालक! येऊ का पान्याला?"

दावणीची म्हैस मान वळवून बघायला लागली. मामा थांबले. माणसाने खरंच उत्तर द्यावं एवढा वेळ थांबले. पुन्हा ओरडले. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज जरा चिरकला. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जा. नगं तर म्हणलं न्हाईत."

मी पळत गेले. बीप वाजल्यावर काठावरून मागे पाहिलं, तर मामा हेल्मेट छातीशी धरून सावलीच्या कडेलाच उभे होते. एक पाऊलही पुढे नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी नोंदींच्या तारखा पाहिल्या आणि विचारलं, एकतीस विहिरी दोनदा का मोजल्या? मी खोटं उत्तर पाठ करून गेले होते. ऐन वेळी ते आठवेना, आणि मी लिंबापासून जांभळापर्यंत सगळं खरं सांगून टाकलं. पहिल्या नोंदी मामांनी घेतल्या होत्या, हेसुद्धा. सर खिडकीबाहेर बघू लागले. परीक्षकांनी चष्मा काढला.

"त्या चुकीच्या नोंदी पुसून टाकल्या?"

"नाही सर. वेगळ्या ठेवल्यात."

"कशासाठी?"

"ते मला सांगता येणार नाही सर," मी म्हटलं, आणि खरंच सांगता येत नव्हतं. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं. संध्याकाळी कळलं की मी पास झाले.

दुसऱ्या दिवशी घरी जायच्या आधी मी कुरकुंभला उतरले. कारखान्याच्या गेटवर आत सोडत नाहीत, म्हणून निरोप पाठवून उभी राहिले. मामा हेल्मेट घालून घाईघाईने बाहेर आले. "झाले पास," मी म्हटलं. पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला अर्ध्यातच धरलं. "झालीस ना? मग हितं काय करती? आईला सांग आधी." एवढंच बोलून ते आत वळले. पण गेटवरच्या बिहारी वॉचमनपाशी थांबलेले मला दिसले, आणि ऐकूही आले. "हमारी भांजी है. नकाशे में पास हुई." वॉचमनने हात मिळवला. मामांनी तो सोडलाच नाही. "आधा पास मेरा है उसमें," ते म्हणाले. "और आधा फेल, वो बी मेरा."

मला नोकरी हैदराबादला लागली. परदेशातल्या कुठल्या कुठल्या गावांचे रस्ते मी दिवसभर पडद्यावर काढते. कडक उन्हातलं एखादं झाड उपग्रहाच्या चित्रात दिसलं की हात उगाच क्षणभर थांबतो, मग वरिष्ठ बघतात म्हणून पुढे सरकतो. वडील खुश आहेत, स्थळांच्या गोष्टी मागे पडल्यात. पहिल्या पगारानंतर मी मामांना फोन केला. त्यांनी हवापाणी विचारलं, खोली विचारली, मग विचारलं, "रानात हिंडायला संगं कोण असतंय तुज्या?"

"हिंडायचं नसतं मामा. बसूनच असतं काम."



"बसून?" मामांनी विचारलं. कुणाचं दुखणं कळल्यावर विचारावं, तसं हळू आवाजात.

"व्हय मामा."

"बरं," ते म्हणाले, आणि मग जणू त्यावर तेवढा एकच उपाय त्यांना माहीत होता, "येळेवर जेवत जा."